नंबरच्या काचांचा स्नॉर्केल मास्क: अंदमानात एक अख्खा मोसम वापरल्यानंतर

चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचा चेहरा नीट ओळखता येत नाही. त्यामुळे स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगून खालचं बघायला, बोटवाल्याने दिलेला साधा मास्क लावून पाण्यात तोंड घातलं, की इतरांना जिथे मासे दिसतात तिथे मला हलणारे रंगीत ठिपके दिसायचे. नोकरीच्या निमित्ताने श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला राहायला आल्यावर पहिली खरेदी केली ती नंबरच्या काचा बसवलेल्या मास्कची. मास्क आणि दोन्ही काचा मिळून साधारण साडेपाच हजार रुपये पडले. डिसेंबरपासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत जमेल त्या सुट्टीला तो वापरला, तेव्हा आता त्याबद्दल खात्रीने लिहू शकते. अंदमानच्या सहलीसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल, तर ती मास्क असावी. पोहण्याचे पंख आणि पाण्यातला कॅमेरा नंतर बघा. सेल्युलर जेल आणि राधानगरचा किनारा मनापासून बघावा असाच आहे, पण या बेटांचं निम्मं वैभव पाण्याखाली आहे आणि ते नीट दिसलं नाही तर सहल अर्धीच होते.

आधी काचांबद्दल, कारण त्यातच लोक गोंधळतात. या काचा चष्म्यासारख्या प्रत्येकासाठी घासून बनवत नाहीत. अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने त्या तयार मिळतात आणि त्यात बहुधा सिलिंडर नंबर (चष्म्याच्या चिठ्ठीतला, अ‍ॅस्टिग्मॅटिझमसाठीचा वेगळा आकडा) नसतो. सिलिंडर थोडा असेल तर त्याचा निम्मा आकडा मुख्य नंबरात मिळवायचा. माझा उजवा डोळा उणे ४.२५ आणि सिलिंडर उणे ०.७५, म्हणजे बेरीज उणे ४.६ च्या आसपास. त्यासाठी उणे ४.५ ची काच घेतली. डावा उणे ५ आणि सिलिंडर उणे ०.५, तिथे उणे ५ वर थांबले. आकडा मधे अडकला तर कमी नंबर घ्यावा, कारण सपाट काचेतून बघताना पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. सिलिंडर जास्त असेल तर मात्र या तयार काचांनी समाधान होणार नाही. डावी आणि उजवी काच वेगळ्या आकाराची असते, त्यामुळे मागवताना कोणता नंबर कोणत्या डोळ्याचा हे स्पष्ट लिहा. काचेवर ‘टेम्पर्ड’, म्हणजे फुटली तरी टोकदार तुकडे न होणारी मजबूत काच, असं छापलेलं आहे ना, तेही बघा.

काचेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे मास्क तुमच्या चेहऱ्यावर बसतो की नाही. दुकानात पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, केस बाजूला करा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. खाली घसरला तर कितीही भारी असो, परत ठेवा. पाणी शिरलं की सगळे पट्टा आवळतात. त्याने सिलिकॉनची कड मुडपते आणि पाणी आणखी शिरतं. पट्टा फक्त मास्क जागेवर राहील इतकाच घट्ट हवा. माझ्या नवऱ्याला मिशी आहे आणि त्याच्या मास्कमध्ये नाकाखालून सतत पाणी झिरपायचं. मिशीची वरची कड थोडी कापली आणि तिथे सिलिकॉन ग्रीस लावलं, तेव्हा ते थांबलं.

काचेवर वाफ धरते ही तक्रार बहुतेकांची असते. नव्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर राहिलेला असतो. तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने, जेलवाली नको, बोटाने दोन-तीनदा चोळून काढावा. काचेला आतून खास लेप दिलेला असेल तर हे करू नये, तो खरवडला जातो. त्यानंतर रोज पाण्यात उतरण्यापूर्वी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा आणि हलकेच खंगाळायचं. थुंकी लावण्याचा जुना उपायही चालतोच. शिवाय कपाळाला सनस्क्रीन थापू नका. ते ओघळून काचेवर आणि डोळ्यांत येतं आणि त्या दिवसाचं स्नॉर्केलिंग तिथेच संपतं.

आता ज्यासाठी हा खर्च केला, ते दिसलेलं. स्वराज द्वीपावरच्या, म्हणजे हॅवलॉकच्या एलिफंट बीचला जेटीवरून बोटीने जाता येतं किंवा जंगलातून चालत. तिथे बहुतेक जण गाइडने ओढलेल्या रिंगला धरून तरंगतात. लाईफ जॅकेट घाला, रिंग धरा, हरकत नाही, फक्त डोळ्यांवर मास्क स्वतःचा असू द्या. पहिल्यांदा पोपटमासा स्पष्ट पाहिला तेव्हा मी थक्क झाले. निळ्या-हिरव्या अंगाचा, पाठीवर गुलाबी झाक, आणि तोंडाशी खरोखर चोच: दात एकमेकांना जोडून झालेली. ती चोच तो पोवळ्याच्या खडकावर घासतो आणि त्याचा कर्र कर्र आवाज पाण्यात कानाला ऐकू येतो. खडकावरचं शेवाळ खाताना तोंडात आलेला पोवळ्याचा चुना तो घशातल्या दातांनी दळतो आणि बारीक वाळू करून मागे सोडतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षात शेकडो किलो वाळू तयार करतो. पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर आपण चादर पसरतो, त्यातली बरीच वाळू अशी आलेली असते.

तसाच जायंट क्लॅम, म्हणजे महाकाय शिंपला. खडकात रुतून बसलेला, दोन शिंपांमधून निळे-जांभळे मांसल ओठ बाहेर काढलेला. त्या ओठांच्या कडेने शेकडो बारीक डोळे असतात. माझी सावली त्यावर पडली की ओठ झटकन आत जायचे आणि मी बाजूला तरंगत राहिले की हळूहळू पुन्हा उमलायचे. नंबरच्या काचांशिवाय मला त्याच्या कडेचे ठिपके कधीच दिसले नसते.

मास्क कितीही चांगला असला तरी वेळ चुकली तर उपयोग नाही, आणि इथली वेळ ठरवते भरती-ओहोटी. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी फार खोल जाते, तेव्हा पोवळ्यांवर गुडघाभरही पाणी उरत नाही. त्या वेळी पोहायला गेलात तर पोट खरचटेल आणि वर्षानुवर्षं वाढलेलं पोवळं मोडेल. म्हणून स्नॉर्केलिंग भरतीच्या आसपास, सकाळी. शहीद द्वीपावर, म्हणजे नीलवर, मी दिवस असा बांधायचे: भरतीला भरतपूरच्या किनाऱ्याला पाण्यात, ओहोटीला लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक दगडी कमानीकडे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या लोकांनी त्या कमानीला हावडा ब्रिज म्हणायला सुरुवात केली, ते नाव आजही चालतं. ओहोटीत तिथल्या खडकांमधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ समुद्री जीव), खेकडे, छोटे मासे अडकलेले असतात. ते बघायला मास्कही लागत नाही, फक्त तळ चांगला असलेल्या चपला लागतात. आणि दिवस लवकर सुरू करा. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, पण ही बेटं त्या रेखावृत्तापासून सुमारे दहा अंश पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच संध्याकाळ होते.

खाण्याचं वेळापत्रकही पाण्यावरच ठरवलेलं बरं. भरल्या पोटी लाटांवर पालथं तरंगलं की मळमळतं. मी उतरण्याआधी केळी आणि चहा एवढंच घ्यायचे. बाहेर आल्यावर मात्र तोंड खारट झालेलं असतं, तेव्हा शहाळ्याचं पाणी आणि मग त्यातली मलई, याला तोड नाही. जेवणासाठी नीलच्या बाजारातल्या साध्या खानावळीत बसा: मोहरीच्या वाटणातलं माशाचं कालवण, गरम भात, डाळ, वांग्याची भाजी. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो, त्यामुळे शाकाहारी माणसाचंही पोट छान भरतं. हॉटेलातल्या महागड्या थाळीपेक्षा मला हे जेवण कितीतरी आवडलं.

एक गोष्ट लिहिताना वाईट वाटतं. स्पष्ट दिसायला लागलं की मेलेलं पोवळंही स्पष्ट दिसतं. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर पोवळ्यातले प्राणी आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. शेवाळाने मढलेले करडे सांगाडे अनेक ठिकाणी दिसतात. म्हणून कळकळीने सांगते: पोवळ्यावर उभे राहू नका, हात लावू नका. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून बंदी घातली, ती पोवळ्यांच्या काळजीपोटीच. किनाऱ्यावरचे शंख-पोवळी पिशवीत टाकू नका. पोवळी आणि जायंट क्लॅम यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. वंडूरच्या धक्क्यावरून जॉली बॉय बेटावर जाताना प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि तिथलं पाणी बघितल्यावर तो नियम मनापासून पटतो.

मगरींबद्दल स्थानिक माणसं काय सांगतात ते ऐका. इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा जीव गेला होता. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या कडेला, पाटी लावलेल्या जागी मास्क कितीही हाताशी असला तरी उतरू नये.

वापरून मास्क किती टिकला? काचा अजून निर्मळ आहेत, एक ओरखडा नाही, कारण कडक डबीशिवाय तो कधी पिशवीत टाकला नाही. पारदर्शक सिलिकॉन मात्र पिवळसर झालंय. पाणी शिरत नाही, पण दिसायला जुना वाटतो. पुन्हा घेतला तर काळ्या सिलिकॉनचा घेईन, त्यात बाजूचा उजेडही कमी येतो. दर वेळी गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला, तरी बक्कलमध्ये मीठ साचतं. ते जुन्या टूथब्रशने काढावं लागतं. सोबतची श्वासाची नळी मी साधीच घेतली, तळाशी पाणी बाहेर टाकणारी झडप असलेली. टोकाला तरंगती झडप असलेल्या नवऱ्याच्या नळीत दोनदा वाळू अडकली आणि श्वास लागला.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी सुचवणार नाही. त्यात नंबर बसवणं कठीण, बुडी मारताना कानांवरचा दाब उतरवायला नाक दाबता येत नाही, घाईत काढायला वेळ लागतो, आणि रचना चांगली नसेल तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत येतो. ज्यांना चष्मा नाही आणि आयुष्यात एकदाच एलिफंट बीचला जायचंय, त्यांनी बोटवाल्याचा मास्क वापरला तरी चालेल, फक्त वर सांगितल्याप्रमाणे चेहऱ्यावर टेकवून तीन-चार मास्कमधून निवडा. चष्मा असलेल्यांनी स्वतःचाच घ्यावा आणि निघण्यापूर्वी निदान तीन आठवडे आधी मागवावा, काचा यायला वेळ लागतो. सोबत एक जादा पट्टा आणि बक्कल नक्की ठेवा. माझ्या मास्कचं बक्कल एप्रिलमध्ये तुटलं, तेव्हा बेटावर कुठेच तो भाग मिळाला नाही आणि तो मुख्य भूमीवरून यायला दोन आठवडे लागले.