फुल बॉडी चेकअप केलं, पण खरं कारण सापडलं ते मी वेगळ्या मागितलेल्या टेस्टमध्ये (४ स्टार)

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आहे ही लॅब, दोन खोल्यांची, पार्किंग नाही, स्कूटर किराणा दुकानापाशी लावावी लागते. तरी चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते पुढे सांगते.

आधी मागचं. माझं वय ४४, शाळेत शिकवते. गेलं वर्षभर जिना चढला की धाप, केस विंचरताना हातात पुंजके आणि दुपारी घरी आलं की आडवं व्हावंसं वाटायचं. दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा दाखवलं, हिमोग्लोबिन ११.८ होतं, तर "बायकांना एवढं कमी असतंच, या वयात दमायला होतं" म्हणाले, बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं आणि पुढचा पेशंट आत. मीही गप्प घरी आले. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात हे मला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर तिथेच विचारलं असतं, आणि याची खंत मला अजून आहे.

इथलं पॅकेज १८०० रुपयांचं, बोर्डावर ७२ टेस्ट. तो आकडा बघून हुरळू नका, एकट्या सीबीसीतच (रक्तातल्या पेशींची मोजणी) वीसेक आकडे असतात, लिव्हर, किडनी, लिपिडचे मिळून बाकीचे, ते सगळे सुटे सुटे मोजलेत. फेरिटिन, म्हणजे अंगात लोह साठलेलं किती ते सांगणारी टेस्ट, त्यात नव्हतीच. मी काउंटरवरच्या ताईंना म्हटलं मला ती पाहिजेच, त्यांनी अजिबात कुरकुर न करता ६०० वर घेऊन लावून दिली. शिवाय स्वतःहून विचारलं की केसांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे का. होती. मग म्हणाल्या डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवा आणि मग या, नाहीतर थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. त्याच दिवशी पैसे घेऊन रक्त काढता आलं असतं ना त्यांना? परत पाठवलं, हे मला फार आवडलं.

रक्त घेणाऱ्या दादानी नाव आणि जन्मतारीख माझ्याच तोंडून वदवून घेतली, मग ट्यूबवरचं लेबल माझ्यासमोर धरलं, "वाचा ताई, बरोबर आहे का". जांभळ्या टोपणाची सीबीसीला, राखाडी टोपणाची शुगरला. सुईचं पाकीट समोर फोडलं. बीपी घेताना पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं, बोलू दिलं नाही आणि दोनदा घेतलं. मागच्या ठिकाणी मी जिना चढून आले की लगेच पट्टा गुंडाळायचे.

रिपोर्ट आला, फेरिटिन ८, फारच कमी. आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, ६.१, ते बघून मी घाबरलेच कारण वडिलांना शुगर होती. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना भेटायला मागितलं तर दहा मिनिटं दिली त्यांनी. उपाशीपोटीची शुगर ९२ होती, म्हणाल्या लोह खूप कमी असलं की एचबीए१सी थोडं वाढून दिसू शकतं, घाई करू नका, लोह भरलं की परत बघू. मग त्यांनीच विचारलं पाळीला रक्त किती जातं. पॅड दर तासाला बदलावं लागतं हे मी आजवर कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. गायनॅककडे गेले, सोनोग्राफीत फायब्रॉईड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघाला. लोहाची गोळी चालू आहे, चहा तिच्या आसपास प्यायचा नाही, हे सगळ्यात कठीण.

एक स्टार यासाठी कापला की पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते पण मागचे आकडे शेजारी दिसत नाहीत, मी वहीत लिहून ठेवते. आणि रविवारी सकाळी उपाशी म्हाताऱ्या माणसांना पाऊण तास बसवून ठेवतात, ते बरोबर नाही.

रिपोर्टवर एनएबीएलचा (लॅबच्या दर्जाला मान्यता देणारी संस्था) शिक्का आहे, तुम्ही कुठेही गेलात तरी तो बघून घ्या. पावतीही पक्की मागा, जुन्या टॅक्स पद्धतीत आरोग्य विम्याच्या वजावटीत चेकअपचे ५००० पर्यंत धरता येतात. आणि पैशांची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांचं बीपी-शुगर फुकट तपासतात, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सरसुद्धा त्या तपासणीत येतो, तिथे जाऊन स्वतः विचारा.

तीन महिन्यांनी परत रक्त दिलं, फेरिटिन ३१, एचबीए१सी ५.६. शनिवारी सासूबाईंना घेऊन जातेय, त्यांच्या पायाला सूज येते, क्रिएटिनिन आणि युरिनमधलं अल्ब्युमिन या किडनीच्या टेस्ट चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवलंय.