किनमेनची तोफगोळ्याची सुरी: घ्यावी का?

किनमेन म्हणजे चीनच्या किनाऱ्याजवळचं, तैवानच्या ताब्यातलं बेट, तिथली ही सुरी. धार एक नंबर, टोमॅटो दाबावा पण लागत नाही. पण ओली ठेवली की गंज धरते, पुसायचा कंटाळा असेल तर घेऊच नका. खरी गंमत लोखंडाची, चीनने डागलेल्या गोळ्यांचं आहे ते! १९५८ ला ४४ दिवसांत किनमेनवर ४.५ लाखांच्या वर गोळे पडले, मग १९७८ संपेपर्यंत दिवसाआड, त्यातले बरेच नुसते प्रचारपत्रकं भरलेले. बीजिंग म्हणतं तैवान आमचाच प्रांत, तैवानचं सरकार, निवडणुका, सैन्य, पासपोर्ट सगळं वेगळं, आणि घटनेत नाव अजून रिपब्लिक ऑफ चायना, घ्या आता! दुकानात समोरच गोळा कापून सुरी घडवतात, ते बघाच. मूठ जरा स्वस्तातली वाटते, म्हणून चार स्टार.