पेन्सिलीच्या फुल्या

गणेशचवथीला दीड महिना होता. ब्लाउजांची ती गर्दी म्हणजे आम्हा शिवणकाम करणाऱ्यांची वर्षाची खरी कमाई. अस्तर आणि लेस आणायला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून मी डिचोलीहून म्हापशाला निघाले होते. अस्नोड्याजवळच्या वळणावर काळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटारीने आम्हाला उडवलं. नवऱ्याचं खरचटण्यावर भागलं. माझं डावं मनगट मोडलं, आत प्लेट घालावी लागली.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ खाटेपाशी आला. हातात फाईल, जीभ मधात बुडवलेली. "बाय, तुमी कांयच करूं नाकात. सही करात, उरिल्लें हांव पळयतां." म्हणजे सही करा, बाकीचं मी बघतो. माझं नाव, त्या गाडीचा नंबर, सगळं त्याला पाठ. कुठून कळलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. वकील आहे असंही तो म्हणाला नव्हता. 'क्लेमचं काम बघतो' एवढंच. पैसे आले तर तीस टक्के, नाही आले तर दमडी नको. औषधांच्या बिलांनी घाबरलेल्या माणसाला हे देवासारखं वाटतं.

दावा सहा महिन्यांत घातला नाही तर दार बंद, ही भीतीही त्यानेच घातली. गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात ही मुदत आहे. पण पोलिसांचा अपघात अहवाल मोटार अपघातांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जातो आणि न्यायाधिकरण त्यालाच दावा अर्ज मानू शकतं, हे त्याने गिळलं. एक खरं सांगून त्याआड चार लपवायची, ही त्याची पद्धत.

कागदांवर त्याने पेन्सिलीने बारीक फुल्या मारून आणल्या होत्या. फुली तिथे सही. माझा उजवा हात शाबूत, म्हणून मी भराभर सह्या करत गेले. अकरा झाल्या. त्यात वकीलपत्र होतं, तीन कोरे कागद होते आणि दोन कोरे चेक. चेक कशाला, असं नवऱ्याने विचारलं. "कोर्टाची फी." बँकेत नवं खातंही त्यानेच उघडून दिलं आणि फॉर्मवर मोबाईल नंबर घातला स्वतःचा. पासबुक, मूळ बिलं, एक्स-रे सगळं त्याच्या फाईलीत गेलं. आम्ही एकाचीही झेरॉक्स ठेवली नाही.

ज्या वकिलाच्या नावाने वकीलपत्र होतं, त्याला मी दोनदाच पाहिलं, तेही कोर्टाच्या पायऱ्यांवर. दाव्याच्या रकमेत वाटा ठरवून काम घ्यायला वकिलांना नियमानेच मनाई आहे. मग तीस टक्के नेमके कोणाचे?

वर्षभराने लोकअदालतीची तारीख आली. जाताना त्याने पढवलं, "हय म्हणात, चड उलोवं नाकात." हो म्हणा, जास्त बोलू नका. पॅनेलने विचारलं, "मान्य आसा मगो?" मी "हय" म्हटलं. समोरचा तडजोडीचा मसुदा इंग्रजीत होता. आकडा विचारायला लाज वाटली; पाठीमागे रांग होती ना! लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, हेही मला नंतर कळलं.

तो म्हणाला, खर्च वजा जाता 1,40,000 उरले. खात्यात तेवढेच होते. काही महिन्यांनी मी बँकेत जाऊन दुसरं पासबुक मागितलं. छापून आलं तेव्हा वरच्या ओळीत जमा 2,60,000 होते, खाली दोन दिवसांनी सेल्फच्या चेकने काढलेले 1,20,000. सही माझी. बँकेचा मेसेज कोणाच्या फोनवर गेला असेल, हे वेगळं सांगायला नको. आणि तीस टक्के धरले तरी 78,000 च होतात.

पण मला जास्त टोचतो तो मुळातला आकडाच. अपंगत्वाचा दाखला त्याने काढूच दिला नाही. 'वेळ जातो' म्हणे. डाव्या हाताने कापड सुईखाली सरकवायचं असतं. कॉलर उलटवताना टोक काढायला अंगठा दाबावा लागतो, तो आता दाबत नाही. नुकसान मोजताना नुसती हाडाची टक्केवारी पाहत नाहीत, माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला तेही पाहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलेलं आहे. तेव्हा मी 42 वर्षांची होते, या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा, 14. महिना बारा हजार धरले आणि कमाईची क्षमता वीस टक्केच गेली असं मानलं, तरी नुसत्या या एका बाबीचे 4,03,200 होतात. औषधपाणी, वेदना वेगळ्या.

हा हिशेब मला विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी कागदावर मांडून दाखवला. फुकट. बाईमाणसाला ही मदत उत्पन्न न बघता मिळते, 15100 वर फोन केला की झालं. इस्पितळाच्या खाटेवर हा नंबर माझ्याकडे असता तर! निवाड्याविरुद्ध पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येईल, पण फसवणूक दाखवावी लागेल आणि मी स्वतः "हय" म्हटलेलं आहे, असं त्या स्पष्टच म्हणाल्या.

पोलिसांत तक्रार दिली, वकिलाविरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडेही. बँकेतला मोबाईल नंबर बदलला. त्या माणसाचा फोन लागतो, तो उचलतोही. "पळयतां, बाय," म्हणतो. ऑपरेशनआधीचा एक्स-रे अजून त्याच्याकडेच आहे.