ऑक्सनमूट की ड्रॅगन कॉन : मंडळाने मिळून जायचे असेल तर

कल्पनारम्य साहित्याची आवड असलेल्या मंडळातील दहा-बारा जणांनी परदेशातील एखाद्या संमेलनाला एकत्र जायचे ठरवले, की ऑक्सफर्डचे ऑक्सनमूट आणि अटलांटाचे ड्रॅगन कॉन या दोन नावांचा विचार हमखास होतो. दोन्ही संमेलने शनिवार-रविवारला जोडून भरतात आणि दोन्ही स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. परंतु गटाने जाणाऱ्यांना त्यांतून मिळणारा अनुभव अगदी भिन्न असतो.

व्हेरा चॅपमन यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या टोल्कीन सोसायटीचे, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्कीन यांच्या चाहत्यांच्या संस्थेचे, सदस्य १९७४ पासून ऑक्सनमूटसाठी जमत आले आहेत. गुरुवार ते रविवार एखाद्या कॉलेजात मुक्काम, तिथल्याच भोजनगृहात जेवण, दिवसभर निबंधवाचन आणि चर्चा, शिवाय चित्रप्रदर्शन, प्रश्नमंजूषा व वेशभूषेची संध्याकाळ असा त्याचा साधारण क्रम असतो. उपस्थिती काही शेकड्यांची असल्यामुळे दुसऱ्या दिवशी चेहरे ओळखीचे होतात, आणि व्याख्यान देणारी व्यक्ती जेवताना शेजारी बसलेली असू शकते. निबंध सदस्यच वाचतात, त्यामुळे मंडळातील एखाद्या अभ्यासू वाचकाने वेळेत प्रस्ताव पाठवला तर त्यालाही तेथे बोलण्याची संधी मिळू शकते; माझ्या मते गटाने जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. रविवारी वोल्व्हरकोट स्मशानभूमीत टोल्कीन पती-पत्नींच्या कबरीवर पुष्पचक्र वाहिले जाते. आपल्याकडे लेखकाच्या पुण्यतिथीला जमणाऱ्या वाचकांच्या मनात जो भाव असतो, तोच येथेही असतो, आणि एकाच लेखकावर लोभ असलेल्या गटाने हा कार्यक्रम चुकवू नये.

मात्र ज्यांना त्या एका लेखकाच्या साहित्यात फारसा रस नाही, अशा सोबत्यांना चार दिवस जड जातील.

१९८७ पासून भरणारे ड्रॅगन कॉन अमेरिकेतील लेबर डेच्या (सप्टेंबरमधील पहिल्या सोमवारच्या कामगार दिनाच्या) सुट्टीत असते. उपस्थिती हजारोंच्या घरात, कार्यक्रम अटलांटाच्या मध्यवर्ती भागातील पाच हॉटेलांत पसरलेले, आणि सत्रे रात्री उशिरापर्यंत चालू. साहित्य, चित्रपट, विज्ञान, खेळ, वेशभूषा असे स्वतंत्र विभाग असल्यामुळे भिन्न आवडींच्या मंडळातील प्रत्येकाला काही ना काही सापडते. पण त्याच कारणाने गट विखुरतो, आणि रांगांमध्ये बराच वेळ जातो. ज्या मंडळाने महिनोन्महिने खपून सामूहिक वेशभूषा तयार केली आहे, त्याच्यासाठी शनिवारी सकाळी पीचट्री स्ट्रीटवरून निघणारी मिरवणूक हे खरे व्यासपीठ आहे. तीत सहभागी होण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. जवळच्या हॉटेलांतील खोल्या फार लवकर संपतात आणि प्रवेशशुल्क तारीख जवळ येईल तसे वाढत जाते. म्हणून हा निर्णय जवळजवळ वर्षभर आधी घेतलेला बरा.

भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसाचा विचार आधी करावा, कारण अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागू शकते आणि दहा जणांना एकाच सुमारास तारखा मिळतीलच असे नाही. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना ही अडचण नसते, पण पंचांग पाहावे लागते : २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि ड्रॅगन कॉन २८ ऑगस्टपासून होते. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला असल्याने ती टक्कर टळते.

वाचन हाच ज्या गटाला बांधून ठेवणारा धागा आहे, त्याने ऑक्सफर्डच निवडावे, असे मला ठामपणे वाटते. वेशभूषा आणि उत्सव प्रिय असणाऱ्यांनी अटलांटाला जावे. मंडळातील काहींना प्रवासखर्च झेपणार नसेल, तर ऑक्सनमूट २०२१ पासून ऑनलाइनही अनुभवता येते, ही बाब निर्णायक ठरू शकते. ब्रिटनमधील उन्हाळी वेळ भारताच्या साडेचार तास मागे असल्याने तेथील सकाळी दहाचे सत्र पुण्यात दुपारी अडीचला एकत्र बसून ऐकता येते.