बसने नेपाळ: दिल्लीहून थेट, की सोनौलीला सीमा पायी ओलांडून?

म्हैसाळ-कागवाडची कर्नाटकची हद्द मिरजेची माणसं एसटीत बसल्या जागी ओलांडतात. नेपाळची सीमा तितकी सोपी नाही, पण टूरवाल्याशिवाय जमणारच नाही इतकी अवघडही नाही. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. नुसत्या आधार कार्डावर विसंबून सांगलीतून निघू नका. खरा प्रश्न आहे तो कुठल्या वाटेने जायचं याचा.

थेट बसचं आकर्षण समजण्यासारखं आहे. दिल्ली-काठमांडू बससेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि खासगी गाड्याही याच मार्गावर आहेत. एकदा बसलं की सामानाची उचल-ठेव नाही, सीमेवर गाडी शोधणं नाही, भाड्याची घासाघीस नाही. सीमेवर मात्र सगळ्यांना उतरवतात आणि पिशव्या तपासतात, त्यामुळे झोपेतच पलीकडे पोचू अशी कल्पना असेल तर ती सोडा. आई-वडील सोबत असतील, बॅगा जड असतील आणि फक्त काठमांडू-पशुपतिनाथ एवढंच करायचं असेल, तर ही बस जरूर घ्या.

आपल्या भागातून मात्र हा द्राविडी प्राणायाम होतो. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन गाठायचं आणि तिथून हजारावर किलोमीटर बसने पुन्हा पूर्वेकडे यायचं. सीमेवर येता ते बहुधा सोनौलीलाच, जिथे गोरखपूरहून तीनेक तासांत पोचता येतं. शिवाय सीमेपासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेलं लुंबिनी बाजूला राहतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. अशोकाचा स्तंभ आणि मायादेवीचं मंदिर इतक्या जवळून जाऊन चुकवू नये.

दुसरी वाट टप्प्याटप्प्याची. पुणे किंवा मुंबईहून रेल्वेने गोरखपूर. स्टेशनजवळूनच सोनौलीच्या बस आणि जीप निघतात. तिथले एजंट ‘काठमांडूपर्यंत एकच तिकीट’ विकू पाहतात, ते घेऊ नका. सीमेवर गाडी बदलावी लागतेच, आणि पलीकडे ते तिकीट कुणी ओळखलं नाही तर दाद कुणाकडे मागणार? पुढचं तिकीट नेपाळात उतरून काढा.

सोनौलीला ट्रकांची रांग लागलेली असते, म्हणून गाड्या बऱ्याचदा सीमेवरच्या कमानीच्या अलीकडेच सोडतात. तिथून पुढे पायी. दुतर्फा दुकानं, पैसे बदलणारे, हमाल, सायकल-रिक्षा आणि या सगळ्यातून सहज ये-जा करणारे गावकरी. सशस्त्र सीमा बलाचा जवान पिशवी उघडायला सांगेल, ओळखपत्र बघेल किंवा नुसती मान हलवेल. चार पावलं टाकली की बेलहिया, म्हणजे नेपाळ. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

सोबत परदेशी पासपोर्टवाला भाचा किंवा जावई असेल, तर इथेच जपायला हवं. दोन्हीकडची इमिग्रेशन कार्यालयं रस्त्याकडेला, गर्दीत लपल्यासारखी आहेत आणि कुणी हाताला धरून थांबवत नाही. भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का न घेताच तो पुढे गेला, तर पलीकडून परत पाठवतात. नेपाळचा व्हिसा बेलहियातच मिळतो, १५ दिवसांचा ३० डॉलरला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांकडे असतं त्या ओसीआय कार्डाने तो टळत नाही. थेट बसमध्ये अशा एकासाठी सगळी गाडी खोळंबते. पायी असाल तर निवांत उभं राहता येतं.

पैशांचं सोपं आहे. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभराच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवरून वाद होतात.

बिहारातलं रक्सौल आणि पलीकडचं वीरगंज ही तिसरी वाट. रेल्वे सीमेच्या अगदी जवळ सोडते आणि वीरगंजहून काठमांडूला छोट्या जीप डोंगरातून लवकर पोचतात. काठमांडू हेच ठिकाण असेल आणि घाटात पोट ढवळत नसेल तर चांगली. लुंबिनी-पोखरा करायचं असेल तर उलटी पडते.

माझा कौल सोनौलीला आहे, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पुढचा धोक्याचा रस्ता दिवसा पार करता येतो. सोनौलीहून काठमांडूला जाणाऱ्या गाड्या साधारणपणे नारायणगढ-मुग्लिंगच्या दरीतून जातात. जुलै २०२४ मध्ये तिथे पहाटे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. पुढच्याच महिन्यात पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली, वरणगाव-भुसावळकडच्या भाविकांची बस भरदिवसा मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि वीसहून जास्त माणसं गेली. म्हणून जून ते सप्टेंबर ही सहल करूच नका, वाट कुठलीही असो. एरवीही त्या दरीत रात्रीच्या गाडीने जाऊ नका. थेट बस तिथे किती वाजता पोचेल हे तुमच्या हातात नसतं. टप्प्याने गेलात तर पहिला मुक्काम लुंबिनी किंवा सीमेजवळच्या भैरहवाला करून सकाळची गाडी पकडता येते.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, कुटुंबांची माणसं उत्तरेत गावोगावी आहेत. गोरखपूर-बनारसकडे कुणी ओळखीचं निघालं तर तिकिटाआधी त्यांना फोन करा, सध्याचे दर आणि रस्त्याची स्थिती त्यांच्याकडून कळेल. आणि गोरखपूरची रेल्वे उशिरा, संध्याकाळी पोचली, तर त्याच दिवशी सोनौली गाठायचा हट्ट नको. रात्र स्टेशनजवळच्या लॉजवर काढा आणि सकाळच्या पहिल्या बसने निघा.