प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना झालेली फसवणूक

माझे मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात. उद्यमनगरातील एका फाउंड्रीत त्यांनी पॅटर्नमेकर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आपल्या तालमीचा जमाखर्च ठेवता यावा म्हणून ते संगणक शिकले. गणेशोत्सवापूर्वी वर्गणीच्या पावत्या घरीच छापाव्यात या विचाराने त्यांनी एक प्रिंटर विकत घेतला आणि त्या प्रिंटरच्या निमित्ताने त्यांच्या खात्यातून दोन टप्प्यांत ५६,४९९ रुपये गेले. त्यांच्या संमतीने मी हे लिहीत आहे. ओतलेले लोखंड थंड होताना किती आकसेल याचा हिशेब मनात धरून लाकडाचा नमुना घडवणारा हा माणूस आहे. त्यामुळे ‘अडाणी माणसेच फसतात’ असे समजून कोणी पुढचे वाचणे थांबवू नये.

घटनेनंतर आम्ही दोघांनी त्यांच्या लॅपटॉपवर बसून सर्व क्रम पुन्हा जुळवला. हे शक्य झाले ते ब्राउझरच्या इतिहासामुळे. क्रोममध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की मागील ९० दिवसांत उघडलेल्या पानांची यादी वेळेसह दिसते, आणि कंट्रोल व जे दाबले की उतरवून घेतलेल्या फायलींची यादी दिसते. फसवणूक झाली की घाबरून किंवा लाजून लोक हा इतिहास पुसून टाकतात. तसे करू नये, कारण तक्रारीसाठी तोच पहिला पुरावा असतो.

प्रिंटरसोबत त्याच्या ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाला तो प्रिंटर चालवता यावा यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, एक सीडी आली होती, परंतु लॅपटॉपला सीडी घालण्याची सोयच नव्हती. म्हणून मामांनी शोधपेटीत प्रिंटरचे नाव लिहून पुढे ‘ड्रायव्हर’ असा शब्द टाकला आणि जो दुवा सर्वांत वर आला तो उघडला. त्या दुव्याच्या वर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते. याचा अर्थ एवढाच की ती जागा पैसे देऊन घेतलेली जाहिरात होती. शोधयंत्राने तपासून, खरे ठरवून ते पान वर आणले असा त्याचा अर्थ होत नाही; मामांची समजूत मात्र तशीच होती, आणि मी विचारपूस केली तेव्हा आमच्या घरातील तरुण मुलांचीही समजूत फारशी वेगळी निघाली नाही.

खरी गोम होती ती पत्त्यात. वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो डावीकडून वाचायची आपल्याला सवय असते, आणि फसवणारे नेमके त्याच सवयीवर जगतात. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचे नाव ‘अबक’ आहे असे धरू. ‘सपोर्ट डॉट अबक डॉट कॉम’ हा पत्ता अबक कंपनीचाच असतो. ‘अबक-सपोर्ट डॉट कॉम’ हा मात्र कोणीही किरकोळ पैसे भरून नोंदवू शकतो, आणि ‘अबक डॉट कॉम डॉट सेटअप-हेल्प डॉट इन’ या लांबलचक पत्त्याचा अबकशी काडीचाही संबंध नसतो. तो ‘सेटअप-हेल्प डॉट इन’ नोंदवणाऱ्याचा असतो. म्हणून पत्ता वाचताना सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी, तिथे थांबावे आणि तिच्या डावीकडचे शेवटचे दोन शब्द वाचावेत. शेवट ‘को डॉट इन’ किंवा ‘गव्ह डॉट इन’ असा असेल तर तीन शब्द वाचावेत. सातबारा पाहताना हीच कसोटी उपयोगी पडते: सरकारी पानाचा पत्ता त्या रेघेपूर्वी ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असाच संपतो, त्याआधी काहीही असो. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याचे शुल्क तिथे १५ रुपये आहे, आणि त्याच उताऱ्यासाठी भलतीच रक्कम मागणारी खासगी पानेही शोधात दिसतात. मामांच्या इतिहासात सापडलेला पत्ता ‘अबक-सपोर्ट डॉट कॉम’ या प्रकारचा होता, मध्ये आडवी रेघ असलेला.

कुलूप होते ना, असे मामांचे म्हणणे होते. संगणक वर्गात त्यांना शिकवले गेले होते की पत्त्याशेजारी कुलूप दिसले की पान सुरक्षित समजावे. हे शिक्षण अर्धवट आहे, आणि माझ्या मते काहीच न शिकवण्यापेक्षा अधिक घातक आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा संगणक आणि ते पान यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येत नाही. बंद पाकिटातले पत्र वाटेत कोणी फोडले नाही, म्हणून ते ज्याच्या हाती पडले तो सज्जन ठरत नाही. हे कुलूप दिसण्यासाठी पानाला लागणारे प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळते, त्यामुळे लबाडांच्या पानांवरही ते असते. लोकांचा हा गैरसमज लक्षात आल्यामुळेच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह काढून टाकले. आमच्याकडच्या शिकवणीत मात्र ते अजून टिकून आहे.

त्या पानाने प्रिंटरचे मॉडेल, नाव आणि मोबाईल क्रमांक विचारला. नंतर ‘ड्रायव्हर उतरत आहे’ अशी हिरवी पट्टी पुढे सरकू लागली, अर्ध्याच्या पुढे अडकली आणि लाल अक्षरांत एक त्रुटी क्रमांक व मदतीचा फोन क्रमांक झळकला. उतरवलेल्या फायलींच्या यादीत आम्ही पाहिले तेव्हा त्या वेळी काहीही उतरलेले नव्हते. ती पट्टी म्हणजे पानावर हलणारे निव्वळ चित्र होते. मामांनी त्या क्रमांकावर फोन करण्याआधी तिकडूनच फोन आला, कारण मोबाईल क्रमांक त्यांनी स्वतः भरून दिलेला होता.

पलीकडचा माणूस अत्यंत नम्र होता. त्याने एक सॉफ्टवेअर उतरवायला लावले आणि त्यात दिसणारा आकडी संकेत सांगायला सांगितला. हे सॉफ्टवेअर स्वतः विषाणू नसते. कार्यालयांत दूरवरचा संगणक दुरुस्त करण्यासाठी ते रोज वापरले जाते, आणि म्हणूनच विषाणूरोधक (अँटीव्हायरस) त्याला अडवत नाही. परंतु तो संकेत दिला की आपला माऊस आणि कळफलक दुसऱ्याच्या हाती जातो, आपल्या पडद्यावर जे दिसते ते सर्व त्यालाही दिसते.

मग त्याने विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी दाखवली व हे सारे विषाणू आहेत असे सांगितले. ही यादी प्रत्येक विंडोज संगणकावर असते. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, इंटरनेट क्षणभर तुटले, तरी तिथे नोंद होते. अगदी नव्या संगणकावरही अशा नोंदी सापडतात. मी माझ्या लॅपटॉपवर तीच यादी उघडून दाखवली, तेव्हा मामा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे तुझ्यातबी तेवढंच लाल हाय की!”

विषाणू काढणे, तीन वर्षांचे संरक्षण आणि प्रिंटर चालू करून देणे या सर्वांचे मिळून ६,४९९ रुपये मामांनी यूपीआयने भरले. त्यानंतर प्रिंटर खरोखर चालू झाला, आणि या हकिकतीतील सर्वांत वाईट गोष्ट मला हीच वाटते. आजकालचे बहुतेक प्रिंटर केबलने जोडून इंटरनेट चालू ठेवले की विंडोज स्वतःच योग्य ड्रायव्हर शोधून बसवते. त्या माणसाने तेवढेच केले. विषाणूरोधकही विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच असतो, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. पण काम झाले म्हणून मामा समाधानी होते, इतके की त्यांनी तोच फोन क्रमांक तालमीच्या खजिनदारांनाही दिला. जी फसवणूक काम करून देते, तिची तक्रार कोणी करत नाही आणि तिची शिफारस मात्र होते.

दूरून चालवण्याचे ते सॉफ्टवेअर लॅपटॉपवर तसेच राहिले होते, कायमच्या पासवर्डसह, म्हणजे त्यांना पुन्हा केव्हाही आत शिरता येत होते. काही आठवड्यांनी दुसरा फोन आला. कंपनी बंद होत आहे, म्हणून तुमचे ६,४९९ रुपये परत करायचे आहेत, तुम्ही बँकेच्या पानावर लॉगइन करून जमा झाले का ते पाहा, असे सांगण्यात आले. मामांनी लॉगइन केले. क्षणभर पडदा काळा झाला, आणि पुन्हा उजेडला तेव्हा खात्यात ६४,९९० रुपये जमा झाल्याचे दिसत होते. पलीकडचा माणूस रडकुंडीला आला. आपल्याकडून एक शून्य जास्त पडले, आता नोकरी जाईल, घरी लहान मुले आहेत, वरचे ५८,४९१ रुपये कृपया लगेच परत पाठवा, अशी विनवणी त्याने लावली. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहिला या विचाराने मामा अस्वस्थ झाले. त्यांनी प्रथम ५०,००० रुपये पाठवले. उरलेले ८,४९१ पाठवू लागले तेव्हा खात्यात पुरेशी शिल्लक नाही असे बँकेने कळवले.

तिथे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चौसष्ट हजार जमा झाले असते तर शिल्लक कमी पडली नसती. मोबाईलवर पाहिले तर पैसे गेल्याचा संदेश होता, आल्याचा नव्हता. काळ्या पडद्यामागे झाले होते ते असे: ब्राउझरमध्ये एफ१२ दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीतून आपल्या पडद्यावरच्या पानाचा मजकूर कोणालाही बदलता येतो. बँकेत काहीच बदलत नाही, फक्त समोरचे चित्र बदलते. एफ५ दाबून पान ताजे केले असते तर तो आकडा लगेच नाहीसा झाला असता. म्हणून पैसे आले की नाही हे समोर चालू असलेल्या पानावर कधीच ठरवू नये. बँकेचा संदेश, दुसऱ्या फोनवरचे ॲप किंवा प्रत्यक्ष शाखा यांपैकी एका ठिकाणी पाहावे. संदेशही बँकेच्या नेहमीच्या नावाने आला आहे ना, हे तपासावे, कारण साध्या मोबाईल क्रमांकावरून तसाच मजकूर धाडणारेही आहेत. आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकायला लावला म्हणजे पैसे जाणार आहेत.

मामांनी मला फोन केला तेव्हा मी त्यांना आधी राउटरची वायर काढायला लावली आणि मग लॅपटॉपचे बटण दाबून धरून तो बंद करायला सांगितला. त्यानंतर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन केला, बँकेला कळवून इंटरनेट बँकिंग थांबवले आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर माझ्या संगणकावरून तक्रार नोंदवली. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, खात्याचा उतारा आणि इतिहासाच्या पानांची छायाचित्रे हाताशी होती, म्हणून काम लवकर उरकले. पैसे ज्या खात्यात गेले होते, त्यातील १८,००० रुपये पुढे जाण्यापूर्वी गोठवले गेले. ते परत मिळण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची प्रक्रिया चालू आहे. उरलेल्याची आशा मी तरी धरलेली नाही. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकामुळे, बँकेची आणि ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी परस्पर पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. परंतु आपल्या हाताने पिन टाकून पाठवलेल्या पैशाला ते संरक्षण सहसा लागू होत नाही. तरीही कळवायला विलंब करू नये, कारण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते.

लॅपटॉप पुन्हा वापरण्यापूर्वी आम्ही इंटरनेट न जोडता ते सॉफ्टवेअर काढून टाकले, मग विंडोज सिक्युरिटीमधून संपूर्ण तपासणी केली. सर्व पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले, कारण मामांनी बरेचसे पासवर्ड ब्राउझरमध्येच जतन केलेले होते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचना पाठवण्याची परवानगी मिळालेल्या पानांची यादी असते; त्यांच्याकडे ती भलतीच लांब निघाली. एखादे पान ‘अलाउ’ दाबायला सांगते, आपण दाबतो, आणि मग कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात विषाणू’ असे इशारे येत राहतात. ते विषाणूरोधकाचे नसून त्या पानाचे असतात. मायक्रोसॉफ्ट आपल्या त्रुटीच्या सूचनेत कधीही फोन क्रमांक देत नाही, ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे. असा इशारा संपूर्ण पडदा व्यापून बसला आणि फुली सापडेना, तर एस्केप दाबून धरावे, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडल्यावर जुनी पाने परत आणण्याचा पर्याय निवडू नये.

तालमीच्या खजिनदारांच्या संगणकावरही तेच सॉफ्टवेअर सापडले. त्यांना परताव्याचा फोन अजून आलेला नव्हता. त्यांचेही सॉफ्टवेअर काढले आणि पासवर्ड बदलले.

मामांना मात्र तक्रारीनंतर आणखी एक फोन आला. आपण सायबर विभागाशी संबंधित आहोत, तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून २,५०० रुपये आधी भरा, असे तो माणूस सांगत होता, आणि गेलेल्या रकमेचा अचूक आकडाही त्याला ठाऊक होता. तो आकडा पोलिसांव्यतिरिक्त फसवणाऱ्यांनाही माहीत असतो, आणि एकदा फसलेल्यांचे क्रमांक त्यांच्यात फिरत राहतात. पोलीस तक्रारीसाठी किंवा गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठी फोनवर यूपीआयने शुल्क मागत नाहीत. मामांनी तो क्रमांक लिहून घेतला आणि सायबर पोलीस ठाण्यात आधीच्या तक्रारीला जोडून दिला.