ठोक की वाटा? तज्ज्ञासोबत ऑनलाइन कोर्स काढताना

विषय जाणणारा माणूस गाठायचा, त्याचा कोर्स काढायचा, कॅमेरा-एडिटिंग-विक्री आपण बघायची, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. माणूसही मिळालाय. अडतं ते पुढे: त्याला एकदाच ठोक रक्कम द्यावी की विक्रीत वाटा? नागपुरात बसून मी दोन्ही करून पाहिलंय. जीएसटीचा कोर्स ठोक देऊन केला, संत्राबागेचा वाट्यावर. दोन कोर्सवरून नियम काढू नये हे कळतं, तरी तुमच्या कामी येईल.

ठोकचं सुख आधी सांगतो, कारण ते खरंच सुख आहे. जीएसटीच्या सरांशी 14 व्हिडिओंचे 60 हजार ठरले. निम्मे आधी, निम्मे शेवटचा टेक झाल्यावर. मे महिना. नंदनवनातल्या घराची वरची खोली. कूलर चालू ठेवला तर माईकमध्ये नुसती घरघर, म्हणून दर टेकला कूलर बंद. 12 मिनिटं झाली की सर मानेवरचा टॉवेल पिळायचे, मी धावत जाऊन बटण दाबायचो आणि दोघंही खसच्या वासात काही न बोलता उभे राहायचो. 8 दिवसांत काम उरकलं. नंतर हिशेब नाही, ‘या महिन्यात किती गेले?’ नाही. जे विकेल ते माझं.

कागद मात्र नीट करा. पैसे दिले म्हणजे सगळे हक्क आपल्याकडे आले असं नसतं. व्हिडिओ काढणारे म्हणून चित्रीकरण तुमचं धरलं, तरी नोट्स आणि स्लाइड्स ज्याने लिहिल्या त्याच्याच असतात. त्या घ्यायच्या तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी घ्याव्या लागतात. त्यातही मुदत लिहायची राहिली तर 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहायचा राहिला तर भारतापुरतंच. दोन ओळींचं काम आहे, पण बहुतेकांच्या करारात त्याच दोन ओळी नसतात.

आता वाटा. संत्र्याचे काकाजी काटोलकडचे, 30 वर्षं बाग सांभाळलेले. ठोक किती द्यायचं विचारलं तर म्हणाले, “मले काऊन पैसे देता आधी? विकलं तर द्या.” खर्च वजा जाता निम्मं-निम्मं ठरलं. पहिल्याच महिन्याचा हिशेब बघून त्यांनी विचारलं, “तुमच्या लाइटच्या बिलात माही अर्धी संत्री काऊन गेली?” उत्तर नव्हतं. वाट्याचं दुखणं इथेच आहे. खर्च कोणता धरायचा यावर चांगली माणसं तुटतात. मग आम्ही हाती येणाऱ्या एकूण रकमेवर 60-40 केलं. 60 माझे, खर्चही सगळा माझा. तेव्हापासून कुरबूर नाही. तरी दर महिन्याला आकडे दाखवावे लागतात, आणि विक्री मंदावली की तो फोन जड जातो, हे खोटं कशाला सांगू.

विकणार कुठे, त्यावरही वाट्याचं गणित फिरतं. युडेमीवर (कोर्स विकणारी परदेशी वेबसाइट) त्यांच्या शोधातून गिऱ्हाईक आलं तर शिक्षकाच्या बाजूला 37 टक्के येतात (2021 च्या मध्यापर्यंत 50 होते), आणि आपल्या लिंकवरून आलं तर 97. म्हणजे 499 च्या कोर्सवर, कर वगैरे सोडून, एकीकडे साधारण 185 रुपये आणि दुसरीकडे 484. 185 मध्ये दोघांनी काय खायचं? तेव्हा वाटा घेणारा माणूस स्वतःच्या ओळखीतून चार गिऱ्हाइकं आणणारा हवा. काकाजींच्या गावोगावच्या ग्रुपमधून लिंक फिरते, म्हणून आमचं निभतं. सरांच्या बाबतीत ते जमलं नसतं; त्यांना ‘लिंक टाका’ म्हणणंच अवघड होतं.

इथपर्यंत मला विचाराल तर पारडं सारखंच होतं. उलट त्या उन्हाळ्यात मी ठोककडे झुकलो होतो.

मग सप्टेंबर 2025 आला. 22 तारखेपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. आमच्या 14 पैकी 6 व्हिडिओंत उदाहरणं जुन्या दरांची. नमुना बिल तर पाकीटबंद फरसाणाचंच, 12 टक्क्यांनी. ते आता 5. सरांना फोन केला. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, “आपला व्यवहार पूर्ण झाला ना? नवीन शूटचं नवीन मानधन सांगतो.” त्यांची चूक नव्हतीच, करारात मीच काही लिहिलं नव्हतं. पण त्यांचे दर ठरेपर्यंत, तारीख मिळेपर्यंत दिवाळी उलटली. तोवर मी व्हिडिओवर ‘दर बदलले आहेत’ अशी पट्टी चिकटवून बसलेलो. घेणारे लिहायचे, ‘सर, हे 12 आहे की 5?’ आणि उत्तर द्यायला मी, ज्याला इनपुट क्रेडिटमधलं (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) ओ की ठो कळत नाही. काहींचे पैसे परत गेले. पैशापेक्षा ती पट्टी जास्त टोचली. रोज सकाळी उघडून बघायचो आणि दुकानाबाहेर ‘माल शिळा आहे’ असा बोर्ड लावल्यासारखं वाटायचं.

त्याच पावसाळ्यात काकाजींचा आपणहून फोन आला होता. “बागेत पाणी साचून राह्यलं, डिंक्या वाढला. बोर्डो पेस्टचा व्हिडिओ पुन्हा घेऊ. मागं मी तोंडीच सांगितलं, करून नाही दाखवलं.” डिंक्या म्हणजे झाडाच्या खोडातून डिंक गळण्याचा रोग, आणि बोर्डो पेस्ट हा त्यावर खोडाला लावायचा लेप. मी गेलो. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र. त्यात त्यांनी लोखंडी विळा बुडवला, वर काढून कॅमेऱ्यासमोर धरला. पात्यावर तांबूस थर. “हा आला म्हंजे चुना कमी पडला.” मग मूठभर चुना टाकला आणि पुन्हा बुडवला, पातं कोरं निघालं. 40 सेकंदांचा तुकडा, पण कोर्समध्ये सगळ्यात जास्त तोच बघितला जातो. एक रुपया जादा मागितला नाही, कारण कोर्स विकला गेला तर त्यांचंच घर भरणार.

जो विषय बदलत नाही, म्हणजे व्याकरण, पेटीवादन असलं काही, तिथे ठोक देऊन मोकळं व्हावं, मी नाही म्हणणार नाही. फक्त करारात ‘2 वर्षांत इतके व्हिडिओ दुरुस्त करून देणे’ हे आधीच लिहून घ्या. आणि माणसाला पैशाची नड आत्ताच असेल तर वाट्याच्या भरवशावर त्याला ताटकळवणं बरं नाही.

सध्या ब्लाऊज कटिंगचा कोर्स चालू आहे. शिकवणाऱ्या ताईंना दुकानाच्या शटरचं डिपॉझिट भरायचं होतं, त्या ठोकच मागत होत्या. मी 15 हजार उचल दिली, पुढे त्यांच्या वाट्यातून हळूहळू फिटेल अशी. ठोकच्या मानाने कमीच, पण त्या तयार झाल्या. काल रात्री साडेदहाला त्यांचा मेसेज आला: ‘दादा, मुंढ्याचा आकार व्हिडिओत नीट दिसत नाही. काळं कापड घेतलं होतं ना. उद्या पिवळ्या कापडावर परत कापू का?’